३३ नंबर कोणाचा? करीम, बर्ड की पिपेन

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगबद्दल एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ‘३३ नंबर घालून खेळलेल्यांत सर्वांत मोठा खेळाडू कोण? मी लॅरी बर्ड म्हणतो. मित्र करीमच्या सहा एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) दाखवतो. मोठा भाऊ म्हणतो, पिपेनकडेही करीमइतक्याच विजेतेपदाच्या सहा अंगठ्या आहेत, मग त्याला खाली का ढकलायचं?’

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: करीम अब्दुल-जब्बार पहिला, बर्ड दुसरा, पिपेन तिसरा. पण तुमच्या मित्राने दिलेल्या कारणावर मी हा निकाल लावणार नाही. सहा एमव्हीपी म्हणजे नुसतं प्रगतिपुस्तक झालं, हा माणूस कोर्टवर नेमकं काय करत होता ते त्यातून कळत नाही. आणि अंगठी मिळते ती संघाला, त्यामुळे भावाचा हिशोबही तिथेच अडतो.

मी बरीच वर्षं शाळकरी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतोय आणि जिल्ह्याच्या निवड समितीवरही बसतो. निवडीच्या वेळी हाच पेच दरवर्षी समोर येतो. एक उंच सेंटर, एक डोक्याने खेळणारा फॉरवर्ड, एक जबरदस्त डिफेंडर आणि जागा एकच. तिथे नुसते गुण मोजून भागत नाही, कारण सेंटरचे रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि गार्डचे असिस्ट (बास्केट करून देणारे पास) एकाच मापाने मोजता येत नाहीत. मग मी दोन गोष्टी बघतो. या एका खेळाडूमुळे समोरच्या संघाला आपला खेळ किती बदलावा लागतो? आणि ज्या दिवशी त्याचं काहीच जमत नाही, त्या दिवशीही तो संघाला काय देऊन जातो? ३३ नंबरचा निकालही मी याच दोन प्रश्नांवर लावतो.

आधी यादी आवरून घेऊ, कारण या नंबरवर गर्दी फार आहे. मॅजिक जॉन्सन मिशिगन स्टेटमध्ये ३३ घालायचा. कोबी ब्रायंट लोअर मेरियन शाळेत ३३ होता. शकील ओनील एलएसयू या विद्यापीठात ३३ होता आणि एनबीएत कारकिर्दीच्या शेवटाकडे क्लीव्हलँडमध्ये एक हंगाम त्याने तो घातला. या तिघांना मी बाजूला ठेवतो. ज्याने व्यावसायिक कारकिर्दीचा मोठा भाग या नंबरवर काढला तोच धरायचा, नाहीतर वादाला अंत नाही. मॅजिक लॉस एंजेलिस लेकर्समध्ये ३२ झाला त्याचं कारणच मुळी ३३ तिथे आधीपासून करीमच्या अंगावर होता.

एवढी गर्दी का, याचं उत्तर पंचांच्या हातात आहे, अगदी शब्दशः. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कित्येक दशकं नंबरात फक्त ० ते ५ हेच अंक चालत. फाउल झाला की पंच बोटांनी नंबर दाखवतो आणि टेबलावरचा माणूस तो लिहून घेतो. एका हाताला पाच बोटं, म्हणून ६, ७, ८, ९ बाद. हा नियम २०२३-२४च्या हंगामात सुटला. त्याआधी कॉलेजमधून आलेली मोठी माणसं याच चाळणीतून आलेली आहेत, म्हणून २३, ३२, ३३, ३४, ४४ या नंबरांवर दिग्गजांची दाटी दिसते. टेबलावर स्कोअरशीट लिहायला बसलेल्या कोणालाही या नियमाचं महत्त्व लगेच कळेल. आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर तेव्हा ४ ते १५ एवढेच नंबर होते. त्यामुळे १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’मध्ये बर्ड, पिपेन आणि पॅट्रिक युइंग असे तीन तीन ३३वाले होते आणि ३३ कोणाच्याच पाठीवर नव्हता. युइंगने ६, बर्डने ७ आणि पिपेनने ८ घातला.

उरलेल्या नावांपैकी काहींचा उल्लेख करायलाच हवा. डेन्व्हरच्या डेव्हिड थॉम्पसनने ९ एप्रिल १९७८ला एका सामन्यात ७३ गुण केले. अलोन्झो मोर्निंग १९९९ आणि २०००मध्ये सलग दोनदा सर्वोत्तम डिफेंडर ठरला, मग मूत्रपिंडाच्या आजाराने खेळ सुटला, प्रत्यारोपण झालं, आणि तरीही तो परत येऊन २००६मध्ये मायामीबरोबर विजेता झाला. मिनेसोटा लिंक्सच्या सीमोन ऑगस्टसने ३३ घालून डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे महिलांच्या एनबीएच्या, चार ट्रॉफी जिंकल्या, २०११च्या अंतिम मालिकेची ती एमव्हीपी होती. पुरुष आणि महिलांची एकच क्रमवारी मी लावत नाही, पण मुलींच्या संघाला ३३ नंबरचं नाव सांगायचं असेल तर मी ऑगस्टसचंच सांगतो. युइंग न्यूयॉर्क निक्ससाठी पंधरा हंगाम खेळला, त्या संघासाठी सर्वाधिक गुण आजही त्याच्या नावावर आहेत. १९९४ची अंतिम मालिका तो सातव्या सामन्यात हरला. एनबीएची ट्रॉफी त्याला कधीच मिळाली नाही, पण तेवढ्यासाठी मी त्याला खाली ढकलत नाही. पहिल्या तिघांचा खेळ त्याच्यापेक्षा वरचा होता, एवढंच.

आता पिपेन. आपल्याकडे ज्यांनी नव्वदच्या दशकात केबल टीव्हीवर एनबीए बघायला सुरुवात केली, त्यांच्या डोळ्यांसमोर ३३ म्हटलं की शिकागोचा पिपेनच येतो, तुमच्या भावाचंही तसंच असावं. माझ्या पहिल्या कसोटीवर पिपेन फार चांगला उतरतो. १९९१च्या अंतिम मालिकेत पहिला सामना हरल्यावर शिकागोने मॅजिकवर पिपेनचा पहारा वाढवला. मॅजिक सहा फूट नऊ इंचांचा पॉइंट गार्ड, छोट्या गार्डच्या डोक्यावरून सगळं कोर्ट बघणारा. त्याच्या समोर लांब हातांचा, पायाने चपळ पिपेन उभा राहिला की लेकर्सला बॉल वर आणायलाच वेळ लागायचा आणि शॉट टाकण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतली कितीतरी सेकंदं तिथेच खर्च व्हायची. मालिका शिकागोने ४-१ जिंकली.

जॉर्डनशिवाय तो काय होता, हेही आपल्याला ठाऊक आहे. १९९३-९४मध्ये जॉर्डन बेसबॉलकडे गेला, तरी शिकागोने ५५ सामने जिंकले आणि पिपेन एमव्हीपीच्या मतदानात ओलाजुवॉन आणि डेव्हिड रॉबिन्सनच्या मागे तिसरा आला. जॉर्डनची सावली म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनी हा हंगाम बघावा. पण त्याच वर्षी प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) न्यूयॉर्कविरुद्ध १.८ सेकंद उरले असताना शेवटचा शॉट त्याचा सहकारी कुकोच याच्यासाठी आखला गेला आणि पिपेन कोर्टवर उतरलाच नाही. कुकोचने बास्केट केली, शिकागो जिंकलं. एका प्रसंगावरून मी माणूस मोजत नाही. मुद्दा वेगळाच आहे: अर्ध्या कोर्टवर, बचाव पक्का बसलेला असताना, हमखास बास्केट काढून देणारा खेळाडू म्हणून पिपेनकडे पहिली नजर जात नव्हती. बर्ड आणि करीमकडे जायची. तिसरा क्रमांक त्यामुळेच, आणि तो मोठा मान आहे.

खरी लढत उरलेल्या दोघांत. २६ मार्च १९७९ला सॉल्ट लेक सिटीत कॉलेजची अंतिम लढत झाली तेव्हा इंडियाना स्टेटचा बर्ड आणि मिशिगन स्टेटचा मॅजिक दोघेही ३३ घालून उतरले होते. मिशिगन स्टेट ७५-६४ जिंकलं. त्याच वर्षी बर्ड बॉस्टन सेल्टिक्समध्ये आला. आधीच्या हंगामात २९ विजय मिळवणारा संघ त्याच्या पहिल्या हंगामात ६१ विजयांवर गेला. पुढे १९८१, १९८४ आणि १९८६ अशा तीन ट्रॉफी, आणि १९८४, ८५, ८६ अशा सलग तीन एमव्हीपी. सलग तीनदा एमव्हीपी त्याच्या आधी फक्त बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांनाच मिळाली होती.

बर्ड धावायला संथ, उडीही साधारण. तरीही तो सगळ्यांच्या आधी पोचायचा, कारण बॉल कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं. मुलांना मी एकच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवतो: २६ मे १९८७, बॉस्टन गार्डन, डेट्रॉईट १०७-१०६ने पुढे, पाच सेकंद उरलेले आणि साइडलाइनवरून बॉल आत टाकायचाय आयझिया थॉमसला. थॉमस घाईने आपल्या संघातल्या लेमबीअरकडे पास टाकतो. पास जरा हळू जातो. बर्ड दुसऱ्या माणसाजवळून झेपावतो आणि बॉल पकडतो. इथवरचं चापल्य इतरही कोणी दाखवू शकेल. पुढे बघा. तो बेसलाइनबाहेर पडायच्या बेतात आहे, पाय जेमतेम टेकलेले, आणि त्याच क्षणी मान वळवून बास्केटकडे धावत येणाऱ्या डेनिस जॉन्सनला तो बॉल देतो. जॉन्सन ले-अप टाकतो, बॉस्टन १०८-१०७. बॉल चोरण्याआधीच त्याला जॉन्सन कुठून येतोय हे माहीत असल्याशिवाय ती मान त्या दिशेला वळलीच नसती. ही नजर शिकवता येते का, असं पालक विचारतात. थोडी येते. बर्डइतकी येत नाही.

मग करीम वर कसा? कारण आपण बहुतेकांनी चुकीचा करीम बघितलाय. टीव्हीवर, यूट्यूबवर जो दिसतो तो ऐंशीच्या दशकातला गॉगल घातलेला, केस विरळ झालेला, मॅजिकच्या मागून सावकाश येणारा करीम. बर्ड एनबीएत आला तेव्हा करीम ३२ वर्षांचा होता आणि त्याच्या पाच एमव्हीपी होऊन गेल्या होत्या. म्हणजे बर्डचं ऐन भरातलं खेळणं आपण करीमच्या उतरत्या काळाशी ताडून बघतो आणि दोघे बरोबरीचे वाटतात.

भरातला करीम मिलवॉकीतला. १९६८मध्ये सुरू झालेला हा संघ पहिल्या हंगामात २७ सामने जिंकला होता. १९६९मध्ये ल्यू अल्सिंडॉर, म्हणजे नाव बदलण्याआधीचा करीम, आला आणि विजय ५६ झाले. पुढच्या वर्षी ऑस्कर रॉबर्टसन जोडीला आला, ६६ विजय आणि बाल्टिमोरविरुद्ध ४-०ने ट्रॉफी. संघाचा तो जेमतेम तिसरा हंगाम होता. १९७१-७२च्या हंगामात करीमची सरासरी होती ३४.८ गुण आणि १६.६ रिबाउंड. त्या काळात ब्लॉक, म्हणजे हाताने अडवलेले शॉट, मोजतच नव्हते, ते १९७३-७४पासून मोजायला लागले. पहिले चार हंगाम हिशोबात नसूनही त्याच्या नावावर ३,१८९ ब्लॉक आहेत, आणि सर्वोत्तम बचावपटूंच्या संघांत तो अकरा वेळा होता. बर्ड तीन वेळा. या बाजूला दोघांत बरंच अंतर आहे आणि चर्चेत ते हमखास विसरलं जातं.

आणि त्याचा खास शॉट, स्कायहुक. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा निकाल मुख्यतः यावर आहे. करीम बहुतेक वेळा लेनच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या) डाव्या बाजूला, बास्केटकडे पाठ करून बॉल घ्यायचा. डावा पाय लेनच्या मध्याकडे टाकायचा, त्या पायावर उठायचा, उजवा गुडघा वर. डावा खांदा समोरच्याच्या छातीकडे आणि कोपर वाकलेला, त्यामुळे बचाव करणारा हातभर लांब राहायचा. उजव्या हातात बॉल डोक्याच्याही वर सरळ चढायचा, हात पूर्ण ताणला गेला की मनगटाने सुटायचा. जुन्या पद्धतीचा हुक बाजूने फिरवून टाकत, तो मध्येच अडवता येतो. करीमचा बॉल वरून सुटतो. सात फूट दोन इंच उंची, त्यावर ताणलेला हात, आणि अडवणाऱ्याला आधी करीमच्या दोन खांद्यांची रुंदी ओलांडायची. उंच सेंटर लावून भागत नाही, कारण अंतर उंचीचं नाही, आडवं आहे.

माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं या एका शॉटमध्ये आहेत. समोरच्या संघाला दुसरा माणूस पाठवावाच लागतो, म्हणजे कोणीतरी मोकळा सुटतो. आणि हा शॉट उडीवर किंवा वेगावर अवलंबून नसल्यामुळे वय झालं तरी तो राहतो. कॉलेजमध्ये डंकवर (बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यावर) बंदी आली ती १९६७मध्ये, करीम यूसीएलए या विद्यापीठात असताना. ती १९७६पर्यंत टिकली. त्या बंदीत हाच शॉट आणखी पक्का झाला. त्याची मुळं आणखी मागे, शाळेतल्या मिकन ड्रिलमध्ये आहेत: रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, बॉल हनुवटीच्या खाली न आणता टाकत राहायचं. माझ्याकडे प्रत्येक नव्या मुलाला मी हेच आधी करायला लावतो. कंटाळतात, पण उंच मुलांना यासारखं दुसरं काही नाही.

बर्डच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मी स्वतःच देतो. १९८४ची अंतिम मालिका, बॉस्टन विरुद्ध करीमचे लेकर्स. पाचवा सामना, बॉस्टन गार्डनमध्ये वातानुकूलन नाही, आत भट्टीसारखा उकाडा. बर्डचे २० पैकी १५ शॉट आत गेले, ३४ गुण आणि १७ रिबाउंड. करीमचे २५ पैकी ७, आणि बाकावर तोंडाला ऑक्सिजनचा मास्क. मालिका बॉस्टनने जिंकली, बर्ड एमव्हीपी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ. पहिल्या सामन्यात लेकर्स १४८-११४ने हरले, करीमला १२ गुण आणि जेमतेम ३ रिबाउंड. सगळ्यांनी त्याला म्हातारा ठरवलं. दुसऱ्या सामन्यात त्याने ३० गुण, १७ रिबाउंड आणि ८ असिस्ट केले. सहाव्या सामन्यात, बॉस्टनच्याच कोर्टवर, लेकर्सने ट्रॉफी घेतली. त्याआधी आठ अंतिम मालिकांत लेकर्स सेल्टिक्सकडून हरले होते. मालिकेचा एमव्हीपी होता ३८ वर्षांचा करीम. त्याची आधीची अंतिम मालिकेची एमव्हीपी १९७१ची, म्हणजे मध्ये चौदा वर्षं.

दीर्घकाळ खेळला म्हणून आकडे फुगले, असं बर्डचे चाहते म्हणतात. मला हे मान्य नाही. वीस हंगाम आणि १,५६० सामने शरीर टिकवणं हाही खेळाचाच भाग आहे. करीम नियमित योगासनं करायचा आणि त्याचं श्रेय त्याने मोकळेपणाने दिलंय. बर्डला १९८५च्या उन्हाळ्यात आईच्या घराजवळ रस्ता तयार करताना पाठीची दुखापत झाली आणि ती पाठ पुन्हा कधी पूर्ण बरी झाली नाही. यात त्याचा दोष नाही, वाईटच वाटतं. पण निवड समितीत बसल्यावर मला उपलब्ध असलेला खेळाडूच निवडावा लागतो. करीमचे ३८,३८७ गुण फेब्रुवारी २०२३मध्ये लेब्रॉन जेम्सने ओलांडले, तोवर तो विक्रम जवळजवळ एकोणचाळीस वर्षं त्याच्याच नावावर होता.

करीमच्या उणिवाही आहेत. १९७५-७६मध्ये लेकर्समधला त्याचा पहिला हंगाम, त्याला एमव्हीपी मिळाली, पण संघ ४० सामने जिंकून ४२ हरला आणि प्लेऑफमध्ये पोचलाच नाही. १९८३च्या अंतिम मालिकेत फिलाडेल्फियाच्या मोझेस मलोनने रिबाउंडमध्ये त्याला धुऊन काढलं. आणि ऑस्कर किंवा मॅजिक सोबत नसताना त्याने ट्रॉफी जिंकली नाही, हे खरंच आहे. बर्डकडेही मॅकहेल, पॅरिश आणि डेनिस जॉन्सन होते, त्यामुळे या मुद्द्यावर मी कोणालाच गुण देत नाही.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तिथे तुमचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. संघ आजच्या नियमांनी खेळणार असेल तर माझी निवड डळमळते. तीन गुणांची रेषा एनबीएत आली ती १९७९-८०मध्ये, बर्डच्या पहिल्याच हंगामात, आणि तेव्हा संघ ती फारशी वापरतही नव्हते. सहा फूट नऊ इंचांचा, बाहेरून असा नेम असलेला आणि असा पास देणारा फॉरवर्ड आज आणखी मोलाचा ठरला असता. उलट २००१पासून झोन बचाव (माणसाऐवजी जागा सांभाळणं) चालतो, म्हणजे पोस्टमध्ये, रिंगजवळच्या जागेत, बॉल जाण्याआधीच दुसरा माणूस तिथे उभा करता येतो. करीमला तोही चालला असता, कारण तो चांगला पास द्यायचा, पण त्याचं काम नक्की अवघड झालं असतं.

मित्राशी पुढचा वाद घालण्यापूर्वी १९७४च्या अंतिम मालिकेचा सहावा सामना दोघांनी मिळून बघा. दुसरा ओव्हरटाइम, बॉस्टन गार्डन, मिलवॉकी एका गुणाने मागे, सेकंद संपत आलेले. करीम उजव्या बाजूला बेसलाइनजवळ बॉल घेतो, नेहमीची जागा नाही, अंतरही जास्त, आणि तिथून हुक टाकतो. १०२-१०१. सातवा सामना आणि ट्रॉफी बॉस्टनने नेली, पण बघताना बॉलकडे लक्ष देऊ नका. त्याचा डावा खांदा आणि बचाव करणाऱ्याचा हात यांच्यातलं अंतर बघा. मग लगेच १९८७ची ती चोरी लावा आणि बर्डची मान बघा. तरीही तुम्ही बर्डच म्हणालात तर माझी हरकत नाही, फक्त कारण म्हणून सलग तीन एमव्हीपी सांगू नका, ती मान सांगा.